खोड, पान आणि आटे

साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ तयार झालेला प्रीमियर कंपनीचा १४ इंची टॉम, म्हणजे ड्रमसेटमधला एक ढोल, आजही ब्रिटनच्या सेकंडहँड बाजारात मिळतो. कडीचा क्रोम अजून लखलखीत, बोल्ट सरळ, लाकडाला कुठे तडा नाही. घेणारा खुशीत घरी येतो, दुकानातून १४ इंची नवं पान मागवतो, आणि ते खोडावर, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगावर, बसतच नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रीमियरच्या टॉमची खोडं सांगितलेल्या मापापेक्षा किंचित मोठी असायची. त्या काळी पानंही ब्रिटनमध्येच बनत असल्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे सगळ्या जगाने अमेरिकन माप धरलं आणि हे ड्रम मागे राहिले. त्यांच्या मापाची पानं आजही बनतात, ‘प्री-इंटरनॅशनल’ या नावाने विकली जातात. पण ती मुद्दाम शोधावी लागतात आणि त्यांत निवडीला फारसा वाव नसतो.

‘कोणत्या कंपनीचा ड्रम टिकतो’ हा वाद ब्रिटिश ड्रमरांमध्ये निघाला, की असा एखादा टॉम दोन्ही बाजूंनी साक्षीला उभा केला जातो. एक म्हणतो, साठ वर्षांत याला काही झालं नाही, आणखी काय हवं? दुसरा म्हणतो, काही झालं नसेल, पण शनिवारच्या कार्यक्रमात पान फाटलं तर रविवारी मी काय वाजवू? दोघांचंही बरोबर आहे, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. ड्रमचं लाकूड एका गतीने म्हातारं होतं, त्यावरचा धातू दुसऱ्या गतीने, आणि त्याला लागणाऱ्या सुट्या भागांचा पुरवठा कधी आटेल हे तर कंपनीच्या आणि बाजाराच्या नशिबावर ठरतं. मला विचाराल, तर यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ब्रँडच्या भांडणात नेमका तिचाच विचार सर्वांत कमी होतो.

ब्रिटनमध्ये हे भांडण बहुतेक वेळा प्रीमियरच्या नावाभोवती फिरतं. १९२२ साली अल्बर्ट डेला पोर्टा या ड्रमरने जॉर्ज स्मिथ या जोडीदाराबरोबर लंडनच्या सोहो भागात ही कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी लंडनमधला कारखाना गेला, तेव्हा कंपनी लेस्टरजवळच्या विग्स्टन गावी हलली. युद्धकाळात तिथे तोफांचा नेम साधणारी उपकरणं आणि विजेचे प्लग बनत होते. युद्ध संपल्यावर पुन्हा ड्रम सुरू झाले. पुढे प्रीमियरच्या लाकडापेक्षा तिच्या धातुकामाचीच जास्त वाखाणणी झाली, आणि त्यामागे युद्धकाळातल्या या कामाची शिस्त असावी असं मला वाटतं. कड्या ओतणं, लग ओतणं, त्यांना मुलामा चढवणं ही सगळी कामं कंपनी आपल्याच छताखाली करत असे.

धातूचं हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. ड्रमच्या अंगावर बोल्ट धरून ठेवणारे जे खुंट दिसतात, त्यांना ड्रमर लग म्हणतात. ते बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ब्रिटनमध्ये या मिश्रधातूला मझाक हे व्यापारी नाव आहे. वितळलेला धातू दाबाने साच्यात सोडला, की नक्षीसह तयार भाग बाहेर येतो. स्वस्त आणि झटपट. पण उघडं जस्त घाम आणि दमट हवा यांपुढे फार काळ तग धरत नाही, म्हणून त्यावर आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर देतात. डोळ्यांना दिसतो तो निळसर झाकेचा क्रोम अगदीच पातळ असतो, एका मायक्रॉनहूनही कमी. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. क्रोम ओरखडे थोपवतो आणि चकाकी टिकवतो, पण पाणी अडवायचं खरं काम त्याच्याखालचं निकेल करतं. ते १० ते २० मायक्रॉनचं असेल तर ड्रम दशकानुदशकं टिकतो. कारखान्याने तिथे हात आखडता घेतला, की दुकानात दोन्ही ड्रम सारखेच झळकतात आणि पाच-सात पावसाळ्यांनंतर एकाच्या कडीवर मोहरीएवढे फोड येतात. जुन्या प्रीमियरवर असे फोड क्वचितच दिसतात. ‘प्रीमियरचा क्रोम’ हे शब्द ब्रिटिश ड्रमर आजही आदराने उच्चारतात, त्याचं कारण हे.

लाकडाची बाजू इतकी स्पष्ट नाही. त्या काळच्या प्रीमियरची खोडं बर्चच्या पातळ प्लायची असत आणि दोन्ही तोंडांशी आतून बीच लाकडाची जाड कडी बसवलेली असे. पातळ खोड मोकळं वाजतं आणि आतली कडी त्याला गोल ठेवते. मेपल चांगलं की बर्च, की महोगनी, यावर ड्रमर रात्र-रात्र वाद घालतील. मेपल उबदार, बर्च ठसठशीत, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण आवाज घडवण्यात पान कोणतं, ते किती ताणलंय, खोडाची धार, म्हणजे पान टेकतं ती कड, किती नेटकी आहे आणि खोली कशी आहे, यांचा वाटा लाकडाच्या जातीपेक्षा मोठा असतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने तर जात जवळजवळ गौण आहे. प्लाय सुटतो तो ओलीमुळे. खोड लंबगोल होतं ते पान न चढवता वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिल्यामुळे. या दोन आपत्तींपुढे महागड्या कंपनीचं मेपलही टिकत नाही.

आता बाजाराकडे वळू. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती, त्यामुळे अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत निर्बंध होते. एका अख्ख्या पिढीने लडविग, ग्रेच, स्लिंगरलँड ही नावं मासिकांतल्या फोटोंत पाहिली आणि हाताखाली मात्र प्रीमियर, कार्ल्टन, अजॅक्स घेतले. निर्बंध उठले तेव्हा अमेरिकन ड्रमला एक वलय आलं होतं, आणि ते वलय मोजमाप घेऊन आलेलं नव्हतं.

लिव्हरपूलचा रिंगो स्टार त्याच पिढीतला. बीटल्समध्ये आला तेव्हा त्याच्याकडे महोगनी रंगाचा प्रीमियर होता. १९६३ साली तो लंडनच्या शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर ‘ड्रम सिटी’ या दुकानात गेला. दुकान आयव्हर आर्बिटर यांचं. तिथे त्याच्या नजरेत भरला तो काळपट मोतिया रंगाचा एक लडविग. रंग आवडला आणि सेट बदलला. बेस ड्रमच्या पानावर लडविगचं नाव राहिलं, आणि बँडचं नाव कसं लिहावं याचा आराखडा आर्बिटर यांनी तिथल्या तिथे काढून दिला. ‘टी’ अक्षर खाली ओढलेलं ते नाव पुढे जगभर गेलं. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी बीटल्सना पाहिलं, आणि ढोलाच्या पानावर ठळक अक्षरांत लडविग हे नाव पाहिलं. शिकागोच्या कारखान्याला मागणी पुरी करण्यासाठी रात्रपाळ्या सुरू कराव्या लागल्या. विग्स्टनच्या क्रोममध्ये त्या रात्री काही खोट निर्माण झाली नव्हती. पण त्या दिवसापासून ब्रिटिश मुलांना स्वप्नं पडू लागली ती अमेरिकन ड्रमची.

याच रिंगोच्या ड्रमच्या आवाजाबद्दलही ब्रँडच्या भक्तांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या वेळी बेस ड्रमच्या पोटात लोकरीचं कापड कोंबलेलं असे, आणि पुढच्या वर्षांत स्नेअर (खालच्या पानाला तारा लावलेला ड्रम) आणि टॉमवर स्वयंपाकघरातली पुसणी पसरलेली असत. तिथले ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बेस ड्रमच्या अगदी जवळ मायक्रोफोन नेला, तो त्या स्टुडिओच्या नियमाविरुद्ध होता. लोक ज्याला ‘लडविगचा आवाज’ म्हणून पैसे मोजतात, त्यातला बराचसा भाग पुसण्यांचा, मायक्रोफोनचा आणि रिंगोच्या हाताचा आहे.

प्रीमियरनेही आपला माणूस शोधला. वेम्ब्लीचा कीथ मून ‘द हू’ या बँडमध्ये वाजवायचा तो दोन बेस ड्रम आणि टॉमची रांग मांडून, आणि कार्यक्रमाच्या शेवटी तो सगळा सरंजाम लाथाडायचा. १९६७ साली प्रीमियरने त्याच्यासाठी ‘पिक्चर्स ऑफ लिली’ नावाने ओळखला जाणारा चित्रांनी नटलेला सेट बनवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्मदर्स ब्रदर्सच्या टीव्ही कार्यक्रमात त्याच्या बेस ड्रममध्ये भरलेली दारू इतक्या जोरात उडाली की सगळा स्टुडिओ हादरला. कंपनीच्या दृष्टीने ही जाहिरातच होती. मात्र मूनचा दाखला देऊन ‘प्रीमियर किती दणकट’ असं म्हणणारे ज्या सेटचा हवाला देतात, ते सेट कंपनी त्याला पुरवत होती, दुरुस्त करत होती आणि बदलूनही देत होती. तुम्हा-आम्हाला ही सोय नसते. ज्याला एकच सेट परवडतो त्याच्यासाठी पुरावा वेगळा हवा.

तो पुरावा चार्ली वॉट्स यांच्याकडे सापडतो. रोलिंग स्टोन्सच्या या ड्रमरने १९५७ साली बनलेला ग्रेचचा छोटासा सेट कित्येक दशकं जगभर फिरवला. स्टेडियम वाढत गेली, बाकीच्यांचे सेट फुगत गेले. वॉट्स यांचा सेट चार ढोलांचाच राहिला. २०२१ साली त्यांचं निधन झालं तोवर त्या सेटचं वय साठीच्या पुढे गेलं होतं. त्याची देखभाल करायला जाणकार माणसं होती हे खरं. पण त्याला लागणारे बोल्ट आणि पानं कुठल्याही मोठ्या शहरात मिळत होती, हेही तितकंच खरं.

बोल्ट म्हटलं की आट्यांकडे यावं लागतं, आणि जुन्या ब्रिटिश ड्रमची खरी अडचण इथे आहे. १८४१ साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी जगाला पहिली प्रमाणित आटेपद्धत दिली. त्यात आट्यांच्या कडांमधला कोन ५५ अंशांचा. अमेरिकेने ६० अंश धरले. आज बहुतेक कंपन्यांच्या ड्रमवर ताण देणारे बोल्ट अमेरिकन १२-२४ मापाचे असतात, म्हणजे एका इंचात २४ आटे. अनेक जुन्या ब्रिटिश ड्रमवर मात्र ब्रिटिश आटे आहेत. डोळ्यांना दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. नवा अमेरिकन बोल्ट जुन्या लगमध्ये घातला तर दोन-तीन फेरे आनंदाने जातो, मग जड होतो. इथे थांबायला हवं. बरेच लोक थांबत नाहीत, चावीने रेटतात, आणि लगमधल्या पितळी नटाचे आटे जातात. साठ वर्षं शाबूत राहिलेला ड्रम मिनिटभरात निकामी होतो, आणि दोष जातो कंपनीच्या नावावर.

पानाच्या इतिहासात ब्रिटनचा वाटा मोठा आहे, आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. पूर्वी ड्रमवर वासराचं कातडं असे. ब्रिटनची हवा दमट. संध्याकाळी धुकं पडलं की पान उतरायचं, स्टेजवरच्या दिव्यांखाली पुन्हा चढायचं. काही ड्रमर तर बेस ड्रमच्या आत विजेचा दिवा लावून ठेवायचे, म्हणजे कातडं कोरडं राहील. हे संकट पुण्याच्या ढोलवाल्यांना समजावून सांगायला नको. १९४१ साली जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या मँचेस्टरच्या कापडछपाई कंपनीच्या लँकेशायरमधल्या प्रयोगशाळेत एक नवं पॉलिएस्टर तयार केलं. त्याचा धागा काढला तो टेरिलीन. आपल्याकडे एका पिढीने लग्नासाठी ज्याचे शर्ट शिवले तेच हे टेरिलीन. त्याच रसायनाचा पातळ पत्रा ओढून अमेरिकेत ड्यूपाँने मायलार केलं, ब्रिटनमध्ये आयसीआयने मेलिनेक्स केलं. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी मायलारची पानं बाजारात आणली. प्रीमियरनेही लवकरच ‘एव्हरप्ले’ नावाने प्लास्टिकची पानं काढली. हवेने न उतरणारं पान आलं आणि रॉकच्या जोरकस वादनाला पाया मिळाला. आज लंडनमध्ये गणपतीच्या मिरवणुकीत आपली मंडळी ढोल वाजवतात ती बहुतेक अशाच प्लास्टिकच्या पानांवर, कारण तिथल्या सप्टेंबरच्या पावसात कातडं चालणार नाही. कातड्याच्या आवाजातली गोलाई मला जास्त आवडते, हे सांगून टाकतो. पण भर पावसातून दोन तास चालायचं असेल तर मीही प्लास्टिकच निवडेन.

पान प्लास्टिकचं झालं तसा ताण वाढवता येऊ लागला, आणि या वाटेने सर्वांत पुढे गेले ते स्कॉटलंडचे पाइप बँड. ग्लासगो ग्रीनवर दर ऑगस्टमध्ये जागतिक पाइप बँड स्पर्धा भरते. तिथल्या स्नेअरवाल्यांना इतका कोरडा, टोकदार आवाज हवा असतो की पान टेबलाच्या पृष्ठभागासारखं कडक करावं लागतं. साध्या खोडावर तेवढा ताण दिला तर खोड आत दबतं, कडी वाकते. शॉट्स अँड डायकहेड बँडचे ॲलेक्स डुथार्ट आणि पुढे जिम किलपॅट्रिक अशा वादकांनी प्रीमियरबरोबर बसून या ड्रमची घडण सुधारली. ‘एचटीएस’ या मालिकेतले ड्रम त्यातून आले. वरच्या पानाखालीही तारांचा संच, जाड ओतीव कड्या, आणि पुढे पानात अरामिड धाग्याची वीण, म्हणजे बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात तीच. प्रीमियरच्या टिकाऊपणाचा निर्विवाद दाखला कुठला, असं विचारलं तर मी मूनकडे बोट न दाखवता या ड्रमकडे दाखवेन. त्यांच्यावरचा भार दोन तासांच्या कार्यक्रमापुरता नसतो. पेटीत ठेवलेला असतानाही तो ड्रम अहोरात्र त्याच ताणाखाली असतो. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरचा पाइप बँड ज्यांनी संचलनात ऐकला असेल, त्यांना तो खडखडीत स्नेअर कानांनी माहीत आहे.

रॉकच्या ड्रमरांची लढाई मात्र स्टँड आणि पेडलवर झाली. जुन्या स्टँडमध्ये उंची ठरवणारा बोल्ट थेट नळीवर चावायचा. नळीवर खड्डा पडायचा आणि मग स्टँड दरवेळी त्याच खड्ड्यात घसरून बसायचा. तुम्हाला अर्धा इंच वर हवा असला तरी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून टामा, पर्ल आणि यामाहा या जपानी कंपन्यांनी दुहेरी पायांचे जाड स्टँड आणले. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये नायलॉनची चकती घातली, म्हणजे दाब पसरतो आणि धातू धातूला खात नाही. हे स्टँड खरोखरच मोडत नाहीत. फक्त जड असतात, आणि पबच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत अरुंद जिन्याने ते चढवणाऱ्याला त्यांचं वजन विसरता येत नाही. म्हणून ब्रिटनमधले काही जुने ड्रमर आजही हलके स्टँड जपून वापरतात. त्यांना चूक म्हणता येणार नाही. आठवड्यातून तीनदा जिना चढायचा असेल तर पाठीचा टिकाऊपणाही हिशेबात धरावा लागतो.

पेडलची गोष्ट आणखी मजेशीर आहे. लडविगचं ‘स्पीड किंग’ पेडल १९३७ साली निघालं. त्याच्या स्प्रिंगा दोन्ही खांबांच्या पोटात लपवलेल्या. त्यामुळे ते देखणं दिसतं, पण तेल आत पोचवणं जिकिरीचं होतं. कोरडं पडलं की ते चिवचिवतं. रेडिचचा जॉन बोनम लेड झेपेलिनमध्ये तेच वापरायचा, आणि १९७० च्या ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ या ध्वनिमुद्रणात ती चिवचिव स्पष्ट ऐकू येते. त्या आवाजामुळे ना गाणं बिघडलं ना पेडलचा खप घटला. याउलट प्रीमियरचं ‘२५०’ पेडल दिसायला साधं, उघडं, फार वेगवानही नव्हे. पण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. आजही चालू स्थितीतली ती पेडलं मिळतात. बोनमने ते का घेतलं नाही, असा प्रश्न कुणी विचारत नाही. पायाला जे हवं ते टिकाऊपणापेक्षा वरचढ ठरतं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

ब्रिटनमध्येच याच्या उलट टोकाचा प्रयोगही झाला. १९८१ च्या सुमारास सेंट ऑल्बन्सच्या डेव्ह सिमन्स यांनी षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम बाजारात आणले. त्यांचा वरचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे दंगल आवरणाऱ्या पोलिसांच्या ढालींचाच माल. काठ्या मोडल्या तरी त्याला ओरखडा पडत नसे. पण टोला खाल्ल्यावर तो जरासुद्धा दबत नसल्यामुळे सगळा धक्का उलटून मनगटात यायचा आणि कित्येक ड्रमरांची मनगटं दुखू लागली. नंतरच्या मॉडेलांवर मऊ रबर चढवावं लागलं. वाद्याने थोडं झिजायला हवं, हे त्या षटकोनांनी सगळ्यांच्या हाडांना समजावलं.

जपानी मालाच्या लाटेत प्रीमियरचं आसन डळमळलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाने कंपनीत शिरकाव केला, नव्वदच्या सुरुवातीला ती पुन्हा ब्रिटिश हातांत आली, मग मालक बदलत राहिले आणि नेहमीच्या विक्रीचे सेट अतिपूर्वेत बनू लागले. नाव तेच, बिल्ला तोच, कारखाना वेगळा. ‘प्रीमियर चांगला का?’ या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही. आधी साल विचारावं लागतं. हे ब्रिटनपुरतं नाही. आज जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे स्वस्त सेट तैवान आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून निघतात, आणि बिल्ला पाहून खरेदी करणारा पुष्कळदा केवळ बिल्ल्याचेच पैसे देत असतो.

२०१५ साली स्टॉकपोर्टमध्ये कीथ किओ आणि कसेबियन बँडचे ड्रमर इयन मॅथ्यूज यांनी ब्रिटिश ड्रम कंपनी काढली. किओ पूर्वी प्रीमियरमध्ये कारागीर होते. खोड तिथेच दाबून घडवायचं, धार तिथेच कापायची, असा आग्रह त्यांनी धरला. २०२१ साली याच छोट्या कंपनीने प्रीमियरचं नाव विकत घेतलं, म्हणजे शंभरीच्या उंबरठ्यावर ते नाव पुन्हा एका ड्रम घडवणाऱ्याच्या हाती आलं. मला याचं मनापासून अप्रूप वाटतं. मात्र आजच्या खरेदीदाराला त्या अप्रूपाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा वीस वर्षांनी तुटलेला एखादा लग तिथे मागता येईल.

सेकंडहँड ड्रम बघायला जाल तेव्हा नावाकडे आधी पाहू नका. विकणाऱ्याला एका टॉमचं पान उतरवायला सांगा. तो कुरकुरला तरी सांगा. खोड सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथं ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि खोडाच्या आत टॉर्च धरा. काठाखालून प्रकाश झिरपला तर तिथली धार बसलेली आहे आणि तो ड्रम सुरात लागताना सतत त्रास देईल. धार पुन्हा कापून घेता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करायचा. आतल्या कडीला बोटाने ठोका, पोकळ वाजली तर डिंक सुटला आहे. टेप लावून खोडाचा व्यास दोन दिशांनी मोजा. ओल्या कपड्याने कडी पुसा, कारण धूळ फोड लपवते. लग हलवून पाहा. आत स्प्रिंग खुळखुळत असेल तर घाबरायचं कारण नाही, थोडी फेल्ट भरली की ती गप्प बसते. स्टँडच्या नळ्या पूर्ण बाहेर ओढून खड्डे शोधा. शेवटी एक-एक बोल्ट हाताने लगमध्ये घाला आणि चिमटीत धरून आत जाईल तेवढा जाऊ द्या. पानावर ताण नसताना बोल्ट सगळा बोटांनीच फिरला पाहिजे. मध्येच चावी घ्यावी लागली, तर त्या ड्रमवर कुणीतरी आधी भलते आटे रेटून गेलं आहे, आणि तसे तीनपेक्षा जास्त बोल्ट निघाले तर किंमत कितीही कमी असली तरी दुसरा सेट बघावा.